आडाला हाक

माझी वहिनी चार वर्षं एका अपराधाचं ओझं वाहत होती आणि तो अपराध तिचा नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचं ओझं उतरलं असतं, पण तिच्याजवळ उरलेली एकुलती एक गोष्टही गेली असती, आणि माझं पितळ उघडं पडलं असतं ते वेगळंच. मी गप्प राहिलो तो तिच्यासाठी की माझ्यासाठी, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. म्हणून नुसतं घडलं ते लिहितो.

आमचं गाव पुसेगावापासून दोन कोसांवर. आई-वडील मी लहान असतानाच गेले, मला वाढवलं ते दादानं. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. स्वतः तिसरीच्या पुढं गेला नाही, पण मला आधी परभणीला आणि मग हैदराबादेला शिकायला पाठवलं. तिथं त्या काळी गणितसुद्धा उर्दूतून शिकवत. माझ्या वहीतला मजकूर उजवीकडून डावीकडे चालायचा आणि मधेच समीकरण आलं की ते उलटं, डावीकडून उजवीकडे. सुट्टीत घरी आलो की दादा ती वही मांडीवर घेऊन बसायचा. वाचता काही येत नसे, पण पानं मोठ्या अदबीनं उलटायचा. "दोन्हीकून शिकून राहिला माझा भाऊ," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मला तेव्हा त्याची लाज वाटायची, हेही लिहून टाकतो.

शेवटच्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी मला गणितातल्या कारकांच्या वर्णपटाचा विषय दिला. विषय तेव्हा कोवळा होता. परदेशातून आलेली दोन-तीन जाडजूड पुस्तकं सोडली तर वाचायला काही नव्हतं. ती घेऊन मी उन्हाळ्यात गावी आलो. तिकडं लढाई चालू होती, इकडं मी आंब्याखाली बाज टाकून अनंत मितींच्या अवकाशात हिंडत होतो. एके दिवशी दादा शेतातून येऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मास्तर, हे हाये तरी काय, ते सांग एकदा."

मी सांगू लागलो. कारक म्हणजे एक यंत्र समज. एक बाण आत टाकायचा, दुसरा बाण बाहेर येतो. दिशा बदलते, लांबी बदलते. पण काही बाण हट्टी असतात, ते यंत्रातून जाऊनही आपली दिशा सोडत नाहीत, फक्त काही पटीनं ताणले जातात. ती पट म्हणजे त्या यंत्राची खूण. आता यंत्र आतून दिसत नाही असं धर. मग त्याच्या खुणा कशा शोधायच्या? एकेक संख्या घेऊन त्याला विचारत जायचं. बहुतेक संख्यांना यंत्र शहाण्यासारखं वागतं, थोडं दिलं तर थोडंच परत करतं. काही संख्यांवर मात्र ते आवरत नाही. चिमूटभर दिलं तर ढीगभर परत येतं. अशा सगळ्या संख्या मिळून त्याचा वर्णपट.

दादानं क्षणभर विचार केला. "म्हंजे आडाला हाक देतेत तसं."

मी उडालोच. हैदराबादेत दोन वर्षं मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

आड आमच्या घरामागं होता. अरुंद, दगडानं बांधलेला, दोन माणसांनी हाताला हात धरून वेढा घालावा एवढंच तोंड, आणि इतका खोल की भर दुपारीसुद्धा पाणी दिसायचं नाही, नुसता काळोख दिसायचा. उन्हाळ्याच्या शेवटी गाळ काढायला माणूस उतरायचा, त्याआधी घरच्या सवाष्णीनं आडाला हाक द्यायची. पाण्यात साती आसरा राहतात आणि त्यांच्या घरात न विचारता पाय ठेवायचा नाही, अशी समजूत. हळदकुंकू, हिरवा चुडा आणि दहीभात काठावर ठेवून बाई वाकायची आणि लांब 'ओ' काढायची. सूर उंचावरून धरून हळूहळू खाली आणायचा. आड गप्प. आणखी खाली, तरी गप्प. मग एका नेमक्या सुराला तोच 'ओ' खालून जाड होऊन वर यायचा, इतका की काठाचा दगड तळपायाला थरथरायचा. सूर त्याच्याही खाली नेला की पुन्हा शांत.

आडानं नेहमीच्या सुराला ओ दिली तर उतरायचं. ओ जड आली, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुराला आली, तर आसरा रागावल्या आहेत असं समजायचं. मग कडुनिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून दोन दिवस आडात खालीवर करायचा. याला आसरांना वारा घालणं म्हणत. त्यानंतर पुन्हा हाक द्यायची. आणि एक गोष्ट काही झालं तरी करायची नाही. पेटता दिवा आडात सोडायचा नाही. आसरांच्या अंगावर विस्तव गेला तर त्या घर धरतात, असं म्हणत.

आमच्या घरी ही हाक वहिनी द्यायची. तिचा कान तिखट होता. मडकं वाजवून ते किती दिवस टिकेल ते सांगायची.

दादाच्या त्या एका वाक्यानं मला चेव आला. मी त्याला आणखी सांगायला बसलो. काही अवकाशांत लांबी असते पण कोनच नसतो, असं म्हटल्यावर तो म्हणाला, "आपल्या बांधावानी. लांबी समद्याला ठाऊक, कोपरा कोनालाच मान्य न्हाई." वहिनी दारात तांदूळ निवडत होती, तीही हसली. मग मी त्याला त्या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली. ती न सांगता पुढचं कळणार नाही, म्हणून इथंही सांगतो.

साध्या जगात प्रत्येक खुणेमागं एक हट्टी बाण उभा असतो. अनंत मितींच्या अवकाशात मात्र काही खुणा अशा निघतात की यंत्र त्यांना उत्तर देतं, पण मागं बाण नसतो. शोधायला जावं तर जवळपास जुळणारे बाण सापडतात. पहिला थोडा चुकतो, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. प्रत्येकाची लांबी बरोबर एक. पण जसजसे ते खुणेशी जुळत जातात तसतसे पसरत, विरळ होत जातात. कुठल्याही एका जागी बोट ठेवावं तर तिथं काही उरलेलं नसतं. लांबी एकची एकच, आणि असणं कुठेच नाही. ज्याच्याकडं ते सगळे निघाले होते तो बाण कधी नव्हताच.

"म्हंजे ओ येते," दादा सावकाश म्हणाला, "पन ओ देणारं कोणी न्हाई?"

"बरोबर."

"असलं शिकवतेत व्हय तिकडं?" वहिनी म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. तिला ते आवडलं नाही. मला मात्र फार आनंद झाला होता, कारण माझा विषय दोन अडाणी माणसांना समजला होता. अडाणी हा तेव्हाचा माझा शब्द.

चार दिवसांनी गाळ काढायला गोरेगावचा म्हातारा आला. सगळं आयुष्य त्यानं आडाविहिरींत उतरण्यात घालवलेलं. बोलायचा कमी आणि विडी ओढायचा जास्त. आदल्या वर्षी दादा आजारी होता म्हणून गाळ राहून गेला होता आणि पाण्याला वास मारायला लागला होता. त्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटलेलं, पण वाऱ्याचा पत्ता नाही. आडाशेजारच्या कडुनिंबाचं एक पान हलत नव्हतं. चिमण्यासुद्धा कुठं गेल्या होत्या कोण जाणे.

वहिनीनं चुडा ठेवला, दहीभात ठेवला, पदर खोचला आणि हाक दिली. सूर खाली खाली येत नेहमीच्या जागी आला. आड गप्प राहिला. वहिनी थबकली, श्वास घेऊन पुन्हा त्याच जागी आली. काही नाही. मग तिनं सूर आणखी थोडा उतरवला, फार नाही, अर्धाच, आणि खालून ओ आली. ती नेहमीसारखी वर उसळली नाही. हळू, दाट, भिंतीला घासत वर चढून आल्यासारखी आली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि काटा आला याचाच मला राग आला.

"जड हाये," वहिनी म्हणाली.

"आज न्हाई, मालक," म्हातारा दादाला म्हणाला. "निंब बांधा. दोन दिसांनं बगू."

दादानं आभाळाकडं पाहिलं. दोन दिवस थांबलं तर पाऊस गाठणार आणि वास मारणारं पाणी आणखी एक वर्ष प्यावं लागणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो माझ्याकडं वळला. "तुला काय वाटतं, मास्तर?"

मला काय वाटतं! मी कधीचा वाटच पाहत होतो. चुलीतला कोळसा आणून मी आडाच्या ओट्यावर आकृती काढली. आड म्हणजे एका तोंडानं बंद असलेली नळी. नळी जितकी लांब तितका तिचा सूर खाली. उन्हाळ्यानं पाणी आटलं, नळी लांबली, सूर उतरला. अर्धा सूर म्हणजे साधारण दीड हात पाणी. गुणाकार सगळ्यांसमोर केला. यात आसरांचा काही संबंध नाही. उलट पाणी कमी आहे, म्हणजे गाळ काढायला आजच्यासारखा दिवस नाही.

"उन्हाळ्याचा सूर मला ठाऊक हाये," म्हातारा म्हणाला. "ह्यो त्यो न्हाई."

"भावजी," वहिनी म्हणाली, "दोन दिसांनं काय बिघडंल?"

"वहिनी, आसरांना गणित येत नाही," मी म्हणालो.

दादा हसला. म्हाताऱ्यानं विडी विझवली आणि दोराला हात लावायला नकार दिला. तेव्हा दादानं सदरा काढला. "माझा भाऊ हैदराबादेहून शिकून आला हाये, बाबा. त्याचं खोटं पडंल व्हय?" एवढं बोलून तो कंबरेला दोर बांधून भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत खाली उतरू लागला. त्याच्या चेहऱ्यावर मला अभिमान दिसत होता. मीही छाती काढूनच उभा होतो.

तो तळाला पोचला. पाणी चुबकल्याचा आवाज आला. रीतीप्रमाणं त्यानं कंबरेचा दोर सोडून दोनदा हलवला, म्हणजे टोपलं खाली सोडा. मी दोर वर ओढून त्याला टोपलं बांधलं आणि खाली सोडलं. ते खाली टेकलं. मग काहीच नाही. दोराला हिसका नाही, फावड्याचा आवाज नाही.

वहिनी वाकली. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून तिनं नुसतं "अवो" म्हणून लांब हाक मारली.

"ओ," खालून आलं.

तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली. तिसऱ्यांदाही आली. तिचा चेहरा मोकळा झाला. "काम करून राहिले," ती म्हणाली. "घसा कोरडा वाटतो. ताक आणते." आणि ती आत गेली.

मी म्हाताऱ्याकडं विजयानं पाहिलं. त्याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तो काठावर कान लावून बसला होता. "मास्तर," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी हाक मारा. वरच्या आवाजानं."

मी मारली. खालून काही आलं नाही.

"थोडी खालून."

मारली. काही नाही.

"आता बाईनं मारली तशी. तितंच."

मी सूर उतरवला आणि त्या जागी येताच खालून ओ आली. तीच. तेवढीच लांब, तेवढीच सावकाश. मी दचकून थांबलो. म्हातारा म्हणाला, "पुन्हा वरून." वरून मारली. शांत. खालच्या सुराला मारली, ओ.

"माणूस कसल्या बी आवाजाला ओ देतो," म्हातारा म्हणाला. "ह्यो एकालाच देऊन राहिला."

त्या क्षणी मला जे कळलं ते अजून माझ्या पोटात तसंच आहे. खाली उत्तर होतं आणि उत्तर देणारा नव्हता. चार दिवसांपूर्वी मी हे दादाला मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं होतं. मी आडात पाय टाकला तेव्हा म्हाताऱ्यानं मला मागं खेचून खाली पाडलं आणि माझ्या छातीवर गुडघा रोवला. "दोन मढी काढायला लावतो का?" तो ओरडला. वहिनी ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली ती हे बघायला.

मग गाव जमा झालं. निंबाचे भारे खालीवर केले, घागरींनी पाणी ओतलं, पडलेले पोहरे काढायचा गळ सोडला. दादाला वर काढायला दुपार झाली. त्याच्या अंगावर खरचटल्याची खूणही नव्हती. झोपलेला असावा तसा दिसत होता, फक्त ओठ निळे पडले होते.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः पोहरा सोडला. दोराला रोज पाणी लागायचं त्या जागी जुनी गाठ होती. पाणी त्या गाठीलाच लागलं. पाऊस अजून पडलेला नव्हता आणि आम्ही ओतलेल्या घागरींनी दीड हात पाणी वाढणं शक्य नव्हतं. म्हणजे पाणी उतरलेलंच नव्हतं, मुळात कधीच. नळीचा सूर दोन गोष्टींनी उतरतो, लांबी वाढल्यानं आणि आतली हवा बदलल्यानं. वारा पडलेल्या, दाटलेल्या दिवशी कुजक्या गाळातली जड हवा तळाशी साचते, तिच्यात आवाज सावकाश चालतो आणि सूर खाली येतो. तीच हवा माणसाला मारते. दोन वेगळ्या यंत्रांचा वर्णपट एकसारखा असू शकतो, हे मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते. आडाशी मला ते आठवलं नाही. सकाळी वहिनीला एका शब्दानं विचारलं असतं, आज दोर किती लागला, तर तिनं सांगितलं असतं. मी कोळसा आणायला धावलो.

आणि रूढी मोडायचीच होती तर दिव्याची मोडायची होती. एक पेटती वात खाली सोडली असती तर ती विझली असती आणि दादा वाचला असता. मी रूढी मोडली तीही नेमकी चुकीची.

त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी कुणी नसताना मी आडावर ओणवा होऊन हाक दिली. ओ आली ती नेहमीच्या सुराला, स्वच्छ, वर उसळणारी. जणू काही झालंच नव्हतं. मला आडाची इतकी भीती त्याआधीही वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

गावात बोललं जाऊ लागलं. मला कुणी दोष दिला नाही. शिकलेल्या माणसाला कोण देतो? लोक म्हणाले, नवरा आडात असताना बायको काठ सोडून आत गेली. आसरा तेवढीच वाट बघत होत्या. वहिनीनं ते खरं मानलं. दहाव्याला ती मला म्हणाली, "मला तीनदा ओ दिली, भावजी. तवर होते. मी ताक आणायला गेले आन तेवढ्यात नेलं त्यांना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पन शेवटचं माझ्यासंगच बोलले."

मी तिथंच सांगायला हवं होतं. ती काठावर असती नसती, काही फरक पडला नसता. तिनं पहिली हाक मारली तेव्हाच दादा गेलेला होता. पण हे सांगायचं तर ती ओ कुणाची, तेही सांगावं लागणार होतं. आसरा खऱ्या असल्या तर मी निर्दोष होतो. ज्या आसरांना मी हसलो होतो त्यांच्याच आडोशाला मी जाऊन लपलो. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं, पण तो पुढच्याच वर्षी वारला.

मी हैदराबादेला परतलो आणि एका कॉलेजात शिकवायला लागलो. विषय तोच. पण हट्टी बाण नसलेल्या त्या खुणांचं प्रकरण आलं की मी मधेच खडू ठेवून खिडकीपाशी जायचो. फळ्यावर लांबी एक असं लिहिलं की दादा आठवायचा. मुलांना वाटायचं सर आजारी आहेत. दादाची आठवणही तशीच झाली होती. कमी तर काही झालेली नव्हती, पण कुठल्याही एका दिवसावर, एका जागेवर बोट ठेवू गेलो तर तिथं तो सापडत नव्हता. गावी मी जात नसे. पत्र पाठवायचो, ते शेजारी वहिनीला वाचून दाखवत.

निजामी गेली त्या साली कॉलेज बंद पडलं आणि मी चार वर्षांनी घरी आलो. वहिनी मला एकदम म्हातारी दिसली. उन्हानं करपलेली, हाडं वर आलेली. पण बोलली नीट, भाकरी करून वाढली, हैदराबादेतल्या धामधुमीची चौकशी केली. दुपार झाली तशी ती न बोलता उठून मागच्या दारानं गेली. मी बाजेवर पडलो होतो. थोड्या वेळानं मला तिची हाक ऐकू आली.

"अवो."

आणि मग आडाची ओ.

मी उठून बसलो. पुन्हा हाक, पुन्हा ओ. तीनदा. तिला नेमका सूर शोधावा लागत नव्हता. पहिल्याच फटक्याला ती त्या जागी उतरत होती. मी खिडकीपाशी गेलो. ती काठावर आडाकडं तोंड करून बसली होती. अगदी हळू, रोजचं बोलावं तसं ती खाली बोलली, "मी हितंच हाये. आत जात न्हाई."

आणि ती बसून राहिली, डोक्यावर ऊन घेऊन, दिवस कलेपर्यंत. शेजारणीनं मला सांगितलं की हे रोजचं आहे. पावसातसुद्धा. दोनदा तिथंच चक्कर येऊन पडली होती. लोक आता त्या बाजूनं जात नसत. शेजारीण म्हणाली, "तिला ओ येते बगा. आमी बी ऐकली हाये."

ती तिथं मरणार, हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती आडाकडं जायला उठायच्या आत मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. कोळसा, नळी, दीड हात, गाठ, जड हवा. चूक माझी होती आणि मी ती चार वर्षं दडवली, हेही सांगितलं. "तुम्ही आत गेलात म्हणून काही झालं नाही, वहिनी. तुम्ही पहिली हाक मारलीत तेव्हाच दादा गेला होता."

ती माझ्याकडं बघत होती. रागावली नाही, रडली नाही.

"मग ओ कोनी दिली?"

"दादानं," मी म्हणालो. ते तोंडातून कसं निघालं मला कळलं नाही.

"तुमाला खोटं बोलता येत न्हाई, भावजी. आत्ताच म्हनले ना, आधीच गेले व्हते."

"आडानं," मी म्हणालो. "त्या सुराला हाक मारली की आड ओ देतो. कुणीही मारली तरी. मी मारली तेव्हाही दिली."

"रोज देतो ती बी?"

"ती पण."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली, तिच्या चाकांचा आवाज दूर गेला. मग ती म्हणाली, "चार वर्सं मी म्हनलं, मी त्यांना टाकून आत गेले. तुमी म्हनता, तेच मला टाकून आधी गेले व्हते."

तिनं पदर खोचला.

"हे त्याच दिसी सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "न्हाई तर आता सांगायचं नव्हतं."

ती उठून चुलीकडं गेली. दुपारी आडाकडं गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि पुढं कधीच नाही. अंगानं हळूहळू सावरली आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मी गावातच मास्तरकी धरली आणि तिच्याच हातचं खाल्लं. ताट वाढून ती चुलीपाशी ठेवायची आणि भांडं वाजवायची, म्हणजे जेवायला यायचं हे मला कळायचं. भावजी म्हणून तिनं मला पुन्हा हाक मारली नाही.